आत न पोचलेला निरोप

बहीण शर्मिलाच्या रतनचा रिपोर्ट आम्रपालीने तीनदा वाचला. दहा महिन्यांच्या भाच्याच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या बी-पेशी जवळजवळ नव्हत्याच. ज्या पेशींपायी तिने प्रयोगशाळेत आठ वर्षं डोळे फोडून घेतले, त्या नेमक्या घरातच नसाव्यात! तिला रडूसुद्धा येईना.

विश्रांतवाडीच्या घरी तिच्या आई जयाबाई दारातच उभ्या होत्या. "काय आलं गं?"

बावीस वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत त्यांनी सात वर्षांच्या आपल्या मुलाला, अभयला, बर्फ घातलेला उसाचा रस पाजला होता. आठवड्याभरात तो न्यूमोनियाने गेला. पोर आधीपासूनच सदा आजारी, पण डॉक्टर खेकसला होता, "बर्फ कशाला पाजलात?" झालं. तेव्हापासून या घरात कुणी रसाचं नाव काढलं नव्हतं.

"आई, अभय रसाने गेला नाही. त्याला रतनचाच आजार होता. आता माझी खात्री आहे."

जयाबाईंनी तिला आत नेऊन बसवलं. "नीट सांग."

"या पेशी हाडांच्या आत तयार होतात. पेशीच्या अंगावर जणू दाराची कडी असते. ती वाजली की आत निरोप जातो, जग, वाढ. यांच्यात कडी वाजते, पण निरोप आत पोचतच नाही. मग पेशी मरते. आईच्या पोटातून आणलेली शिदोरी सहा महिने पुरते. पुढे जंतूंशी लढायला कुणी नसतं."

"निरोपाशिवायच जाते म्हणायची," जयाबाई हळूच म्हणाल्या. "अभयही तसाच गेला. मी औषध आणायला खाली उतरले होते."

आम्रपालीने आईचा हात हातात घेतला.

"रतन वाचेल?"

"हो. दर महिन्याला सलाइनमधून औषध द्यावं लागेल. जन्मभर."

"आणि हे येतं कुठून? बापाकडून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण शर्मिलाला उद्या दुसरं मूल झालं तर? आम्रपाली फरशीकडे बघत म्हणाली, "आईकडून."

"म्हणजे शर्मिलाला माझ्याकडून."

"यात तुझा काही दोष नाही गं, आई!"

"रसाचा दोष बरा होता," जयाबाई म्हणाल्या. "पुन्हा पाजायचा नाही, एवढं तरी माझ्या हातात होतं."

मग जयाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि फोनसाठी हात पुढे केला.

"शर्मिलाला मीच सांगते. हा निरोप तरी माझ्याकडून पोचू दे."