गोरक्षचा बाण

सारजाबाईंच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. फर्स्ट शिफ्ट सुटलेली माणसं कंपनीच्या गणवेशातच आली होती आणि सगळ्यांचे डोळे गोरक्षच्या कॉम्प्युटरवर होते.

गोरक्ष सारजाबाईंचा मुलगा आणि माझा विद्यार्थी. चाकणला कामावर जाताना ट्रकनं उडवला, त्याला पाच महिने झाले. वर्षश्राद्धापर्यंत गेलेल्याच्या वस्तूला घरच्यांनी हात लावायचा नाही, ही इथली रीत. त्यामुळे कॉम्प्युटरवर धूळ साचलेली, हात लावायचा अधिकार फक्त बाणवाल्या महाराजांना. माउस काढून बाजूला ठेवला होता, तरी पडद्यावरचा बाण हलत होता.

"आत्म्याला हात नसतात," महाराज सांगत होते, "म्हणून तो बाणानं बोलतो." या आत्म्याला वीज मात्र लागायची. गुरुवारी लाइट नसते, त्या दिवशी तो येत नसे.

पडद्यावर एकीकडे 'होय', दुसरीकडे 'नाही'.

"गोरक्षा, साखरेची सुई घेऊ का रं?" सारजाबाईंनी विचारलं.

बाण 'नाही'वर गेला. पंधरा दिवस हेच चाललं होतं. इन्सुलिनची सुई बंद, पायाच्या जखमेला महाराजांचा अंगारा. सुई सुरू केली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझं डोकं फिरलं. रीत मोडून मी कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. सगळीकडे धूळ, एकच खाच पुसलेली, आणि तिच्यात नखाएवढा तुकडा. तो उपटताच बाण थांबला. महाराजांशेजारी बसलेल्या चेल्याचा हात मात्र उपरण्याखाली अजून फिरत होता. उपरणं ओढलं, तर मांडीवर बिनवायरचा माउस; तो तुकडा त्याचाच.

"कॉम्प्युटर चालू असताना नवा माउस जोडला, की कॉम्प्युटर लगेच त्याचं ऐकायला लागतो," मी म्हणालो. "हात कुणाचा, हे विचारत नाही." गोरक्षचा जुना माउस जोडून मी बाण फिरवून दाखवला. तोवर महाराज चपला टाकून पसार झाले होते.

सारजाबाई पडद्याकडेच बघत होत्या. "सर, ते परत लावा. खोटं आसंना का, बोलत तर व्हतं." मग हळूच विचारलं, "गोरक्षा, सुई घेऊ का?"

माझा हात माउसवरच होता. जरा सरकवला असता तर बाण 'होय'वर गेला असता, पाय वाचला असता आणि कुणाला कळलंही नसतं. मी हात उचलला.

"आक्का, गोरक्ष गेलाय," मी म्हणालो. "डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, म्हणून सुई घ्या."

त्या खूप रडल्या. मग पदरानं पडद्यावरची धूळ पुसली आणि फ्रिजमधली सुई काढली.

तुमच्याही घरातलं कुणी गेलं असेल. त्याच्या नावानं कुणी बोलू लागलं, तर आधी मागे हात घालून बघा. मग पोटभर रडा.