डॉक्टरीणबाईंच्या जागी

माझा धाकटा भाऊ दोनदा निवडणूक हरला, आणि दोन्ही वेळा हरल्यावर जिंकणाऱ्या बाईंचे आभार मानून आला. कशाबद्दल, ते त्याचं त्याला ठाऊक. निकाल लागला की हा सगळ्यांच्या आधी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन अभिनंदन करायचा, आणि त्याच्यासाठी घसा फोडून फोडून आजारी पडलेली माणसं तिथेच बाकावर औषधासाठी बसलेली असायची.

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. तो डोळे तपासतो आणि मी मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. डोळे तपासताना त्याचा आवाज फार गोड होतो. "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं? सावकाश सांगा, घाई नाही." हाच आवाज घेऊन तो सभेत उभा राहायचा. भाषणाची सुरुवात ठरलेली, "डॉक्टरीणबाईंचं म्हणणंही विचार करण्यासारखं आहे." की आमच्या माणसांनी कपाळावर हात मारलाच. आमच्यात एक बेकरीवाला आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो एकदा भर बैठकीत म्हणाला, "साहेब, आपण प्रचाराला निघालोय की सांत्वनाला?"

तिसऱ्या वेळी पक्षाने एक माणूस पाठवला. सगळे त्याला कोच म्हणायला लागले. हडकुळा, हळू बोलणारा, गालात कायम खोकल्याची गोळी. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हे लोकांना माहीत आहे हो. तुम्हाला राग येतो का, ते त्यांना बघायचंय."

काय टाळ्या पडल्या! इतकी वर्षं खाली मान घालून हरलेली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच, हेच हवं होतं," तो म्हणत राहिला. भोंगा ओरडला, "भीड भिकेची बहीण असते, साहेब!" सगळे माझ्याकडे बघून हसले, कारण साहेबांची बहीण तेव्हा चहाचे कप वाटत होती. मीही हसले. मलाही बरंच वाटलं होतं. भाऊ हरून घरी आला की त्याचं ते समजूतदार तोंड बघून माझं डोकं उठायचं.

कोच म्हणाला, तालीम करावी लागेल, डॉक्टरीणबाईंच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं. सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्याकडे. वय तेच, बांधा तसाच, आणि बाईंच्या नाकावरचा चष्मा गेली कित्येक वर्षं माझ्याच हातचा. तो घसरला की त्या बोट लावत नाहीत, मनगटाच्या मागच्या बाजूने वर सरकवतात. दवाखान्यात हात सारखे औषधात, त्यामुळे लागलेली सवय असावी. मी तसं करून दाखवलं तेव्हा भोंग्याने हातातला कप खाली ठेवला.

तालीम दुकानातच व्हायची, सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून. भिंतीवर रिकाम्या फ्रेमांच्या रांगा, मधेमधे आरसे. डोळे तपासायच्या फिरत्या खुर्चीशेजारी तो उभा आणि समोर मी. पहिल्या दिवशी त्याला बोलताच येईना. "ताई, जरा तिकडे बघ ना, हसू येतंय मला."

"ताई नाही," कोच म्हणाला. "डॉक्टरीणबाई."

खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. मी बाईंची जुनी भाषणं वाचून काढली. पाण्याच्या टाकीवरून त्याने छेडलं की मी त्यांची उत्तरं द्यायचे, त्यांच्याच संथ आवाजात, आणि ती उत्तरं चोख असायची. तालमीत तो माझ्याकडून रोज हरायला लागला. बघायला गर्दी वाढली. आधी लोक गमतीने हुर्यो करायचे. मग त्यातली गंमत कधी गेली, कळलं नाही. शिंपीमामा माझ्या हातचा चहा घेईनासे झाले. एकदा बेकरीत गेले तर भोंग्याने पाव बांधून पुडकं काउंटरवर आपटलं.

"अरे, मी आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला, पण मान वर केली नाही.

आणि मी तरी कुठे धड होते? घरात एकटी असतानाही माझं मनगट आपोआप चष्म्याकडे जायचं. एका गिऱ्हाइकाने फ्रेमचा भाव विचारला, तर मी त्याला म्हणाले, "आम्ही लक्ष घालतोय, काळजी करू नका." बिचारा भाव न कळताच गेला.

मग तो दिवस आला. दुकान खच्चून भरलं होतं. मी रंगात होते. बाईंच्या आवाजात म्हटलं, "तुम्ही सज्जन आहात. सज्जन माणसाने घरी बसावं. गाव सांभाळायला सज्जनपणा पुरत नाही." कोणीतरी मागून म्हणालं, "ऐकून घेताय, साहेब?" माझ्या भावाचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला,

"जिला स्वतःचं एक लेकरू सांभाळता आलं नाही, ती गाव काय सांभाळणार?"

डॉक्टरीणबाईंची मुलगी गाडीच्या अपघातात गेली. गाडी बाई चालवत होत्या. हे साऱ्या गावाला माहीत आहे.

माझा मुलगा सहा वर्षांचा होऊन गेला. ताप उतरला म्हणून मी जरा डोळा लागू दिला, तेवढ्यात. त्याला खांद्यावर टाकून इस्पितळापर्यंत धावत गेला तो हाच माझा भाऊ. त्यानंतर त्याने मला आपल्या घरी आणलं, मला हे काम शिकवलं, आणि माझ्यासमोर पोराचं नाव कधी काढलं नाही. चुकूनही नाही. त्या वयाचं मूल डोळे तपासायला आलं की मला काहीतरी आणायला बाहेर पाठवायचा. इतका जपणारा माणूस.

आधी सगळ्या माना माझ्या भावाकडे वळल्या. मग जो आवाज उठला, त्याने भिंतीवरच्या फ्रेमा थरथरल्या. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, शिंपीमामा त्याचे हात हातात घेऊन रडत होते. कोचने गालातली गोळी दुसऱ्या गालात घेतली. "हेच," तो म्हणाला. "आता यातला एक शब्द बदलायचा नाही." भाऊ माझ्याकडे बघत होता. घाबरला होता तो. पण त्या भीतीच्या मागे त्याच्या तोंडावर आणखीही काहीतरी होतं, आणि मी त्याची थोरली बहीण आहे, मला ते ओळखू आलं. त्याला आनंद झाला होता.

त्या संध्याकाळपासून माझं पोर दुकानात वावरायला लागलं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, मी भिंगं घासणारी बाई आहे, केसाएवढा फरक मला हाताला कळतो. पण रोज सकाळी शटर उघडलं की ती फिरती खुर्ची मागच्या खोलीकडे, म्हणजे माझ्याकडे, तोंड करून असायची. मी ती सरळ करायचे. घासणीचं चाक फिरत असताना पाठीमागे पाय हलवत कोणीतरी बसलंय असं वाटायचं, चाक थांबवलं की काही नाही. मी मुद्दाम चाक थांबवत नसे.

शेवटी मी भावाला समोर बसवलं. "बाकी हवं ते बोल. त्यांना चोर म्हण, लबाड म्हण. पण ते वाक्य जाहीर सभेत बोलू नकोस. हरलास तरी चालेल. बोललास तर तू माझा कोणी नाहीस."

"ताई, ते मी त्यांना म्हटलं होतं गं."

"समोर मी होते."

त्याने माझा हात धरला. "नाही बोलणार. तुझी शप्पथ."

मी विश्वास ठेवला. न ठेवून जाणार कुठे होते?

जाहीर वादाची सभा गावच्या मोठ्या सभागृहात झाली. मी तिसऱ्या रांगेत बसले. वाक्याची कुणकुण गावभर पसरली होती, आमची माणसं तेच ऐकायला आली होती. तो माईकपाशी गेला तेव्हाच टाळ्या सुरू झाल्या. तो चांगलं बोलला, चढ्या आवाजात बोलला. बाईंनी शांतपणे उत्तरं दिली. मला गंमत वाटली, मी दिली असती तीच. मग मागून आरोळी आली, "ते बोला, साहेब!" एकाचे दहा झाले, दहाचं सभागृह झालं. ते बोला, ते बोला. पाय आपटून ताल धरला लोकांनी.

तो बाईंकडे वळला. तोंड उघडलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या, नंबर तपासायला यायच्या तेव्हा बघायच्या तशाच. त्याची दातखीळ बसली. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, राहिला माझा भाऊ.

तेवढ्यात त्याची नजर बाईंवरून निघाली. पहिली रांग, दुसरी रांग. माझ्यावर येऊन थांबली. आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून, एक शब्द न बदलता, तो ते वाक्य बोलला.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लागलं दोघींना. सभागृह उठून उभं राहिलं, मला तो दिसेना. उभ्या माणसांच्या खांद्यांमधून फक्त डॉक्टरीणबाई दिसल्या. त्यांनी आधी, हा बघतोय कुठे म्हणून मान वळवली होती. मी दिसले त्यांना. त्या रात्री इस्पितळात माझ्या मुलाला तपासून बाहेर येणाऱ्याही त्याच होत्या, आणि मला सांगणाऱ्याही. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांपलीकडचं काही दिसत नाही. तरी त्या माझ्याच दिशेने बघत राहिल्या.

तो जिंकला. भरघोस मतांनी.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "शप्पथ कुठे गेली?"

तो माझ्या पायाशी जमिनीवर बसला. "त्यांच्याकडे बघून तोंडच उघडेना, ताई. मग तू दिसलीस. तुझ्याकडे बघून मला बोलता येतं."

"मग मला आधी सांगायचं. मी घरी थांबले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला. अगदी त्याच्या जुन्या, गोड आवाजात.

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने मारू दिली. मग आम्ही दोघंही रडलो, आणि रडून झाल्यावर मी त्याला सांगितलं की विजयसभा झाली की मी हे घर सोडून जाणार.

विजयसभा चौकात होती. जायचं नव्हतंच मला, पण घरात बसवेना. चौकातून टाळ्या आल्या की भिंतीपलीकडे दुकानातली खुर्ची करकरते असं वाटायचं. मी गेले, पण त्याला दिसणार नाही अशी, औषधांच्या दुकानासमोरच्या जाड खांबाआड उभी राहिले.

त्याने आभार मानले. कोणाला आभार नको होते. "ते बोला!" लोक ओरडले. लहान मुलं बापांच्या खांद्यावर बसून ओरडत होती. भाऊ हसला, त्याने हात वर केला, आणि त्याची नजर फिरायला लागली. पहिली रांग. दुसरी. कडेच्या खुर्च्या. पुन्हा पहिली. गर्दी ताल धरून टाळ्या वाजवत होती, मग तो ताल विस्कटायला लागला. कोणीतरी शीळ घातली. भोंग्याचं तोंड वाकडं झालं. "गेला काय पुन्हा जुन्या वळणावर?" असं तो शेजारच्याला म्हणाला, मला स्पष्ट ऐकू आलं. मंचाच्या कडेला उभा राहून कोच बोटाने खुणा करत होता.

मला फक्त उभं राहायचं होतं. खांबाआड, तशीच, आणखी थोडा वेळ. मग तो चाचरला असता, लोक हसले असते, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांना कळलं असतं की हा आपला चष्मेवालाच आहे. मला माझा भाऊ परत मिळाला असता. हे मला तेव्हाही कळत होतं, अगदी स्वच्छ.

पण त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. लहानपणी बाजारात माझा हात सुटला की त्याचं असं व्हायचं. एवढ्या माणसांत तो मला शोधत होता, आणि मी सापडत नव्हते.

मी खांबाआडून बाहेर आले.

त्याने मला पाहिलं. त्याच्या जीवात जीव आला, चेहराच बदलला, कधी नव्हे इतका प्रेमाने हसला तो माझ्याकडे बघून. मग त्याने माझ्या दिशेने बोट केलं, आणि सगळा चौक मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.