वाढप्यांची पंगत

कारखान्याच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाचा गणपती म्हणजे महाप्रसाद, आणि महाप्रसाद म्हणजे, खरं सांगायचं तर, शेवटची पंगत. पहिल्या पंगतीला म्हातारे आणि पोरंटोरं, दुसरीला साहेबलोक आणि पाहुणे, आणि सगळ्यांचं आटोपलं की वाढपी मंडळी. तोवर जिलबी संपलेली, पुऱ्या गार, मसालेभाताची नुसती खरवड उरलेली. पण मजा त्यातच. खोचलेले पदर सोडायचे, मांडी ठोकायची, कुणाच्या यजमानांनी किती जिलब्या हाणल्या ते चघळायचं आणि पोट दुखेस्तोवर हसायचं.

देवपुजारींच्या कमलिनीबाई वर्षभर त्या एका जेवणाची वाट बघायच्या. यजमान शांताराम कारखान्यातून रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आनंद नगरात घर बांधलं, आणि घराला रंग लागायच्या आत ते गेले. मुलगा उदय पुण्यात. फोन करतो बिचारा, 'जेवलीस का' म्हणून विचारतो. जेवलेली असायची, पण ओट्याशी उभ्याउभ्याच. एकटीसाठी पान काय मांडायचं?

माणूस म्हातारा कधी होतो, हे काही त्याच्या हातात नसतं बरं. ते चारचौघं ठरवतात आणि आपल्याला नंतर कळतं. कमलिनीबाईंचा हात कापत नव्हता, गुडघेही बरे होते. 'वहिनी'च्या 'काकू' झाल्या, तेव्हा त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पण यंदा त्यांनी नेहमीसारखा कढीच्या बादलीला हात घातला, तर सुचेतानं तो अलगद सोडवला. ही सुचेता म्हणजे मंडळातल्या बायकांची म्होरकी. नवी नवरी होऊन कॉलनीत आली, तेव्हा पंगतीत वाढायचं कसं, ते तिला कमलिनीबाईंनीच शिकवलं होतं.

"काकू, खूप केलंत आमच्यासाठी. आता तुम्ही आरामात बसायचं."

लगेच खुर्ची आली, पुढं टेबल आलं, टेबलावर पान. शेजारच्या खुर्चीतले आजोबा आधीच पेंगत होते. कमलिनीबाईंच्या लक्षात आलं, ही तर पहिली पंगत. पहिल्या पंगतीला जेवलं की हात धुवायचे आणि घर गाठायचं. मग पुन्हा वर्षभर तो ओटा आणि आपण. सुचेता मीठ वाढायला वाकली, तशा त्या बोलून गेल्या, "मला नको वाढूस गं. माझा उपास आहे."

महाप्रसादाच्या दिवशी, भर रविवारी उपास! कुठला, म्हणून एकाही माणसानं विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईला कसलाही उपास असू शकतो, हे जगानं धरूनच ठेवलंय. सुचेतानं पान उचललं. कमलिनीबाई मनात म्हणाल्या, बरं झालं. शेवटच्या पंगतीला म्हणू, प्रसादाला नाही म्हणू नये, आणि बसू सगळ्यांत. त्याला कोण हरकत घेणार?

दोन पंगती उठेपर्यंत त्या भिंतीशी बसून राहिल्या. इथं जेवायचं म्हणून सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. कढीची फोडणी, तळणीचा वास, सगळं नाकाशी येत होतं. येणारेजाणारे 'बऱ्या आहात ना' एवढंच विचारायचे आणि उत्तराआधीच पुढं जायचे.

शेवटी वाढप्यांची पानं मांडली. कमलिनीबाई उठल्या, रांगेपाशी गेल्या. "मीही बसते गं तुमच्यात. प्रसादाला नाही म्हणू नये."

"छे छे, काकू," सुचेता म्हणाली, "आमचं मन राखायला उपास मोडायचा नाही. एवढ्या वासात इतका वेळ उपाशी बसलात, धन्य आहे तुमची." आणि ती चक्क पाया पडली. ती पडली म्हणून मागच्या पडल्या, त्यांच्या मागच्याही. कमलिनीबाईंचा हात आपोआप आशीर्वादाला वर गेला. इतक्या जणींनी पाय धरल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं, की मी खोटं बोलले? सुचेताच्या नवऱ्यानं, प्रकाशनं, स्कूटर काढली. हातात केळ्यांची पिशवी आली. फाटकातून बाहेर पडताना मागं सगळ्या एकदम हसल्या. कशाला हसल्या, ते त्यांना ऐकू आलं नाही.

आनंद नगरात घरापाशी उतरल्यावर मात्र त्यांच्यानं राहवेना.

"प्रकाश, मला उपास नव्हता रे. खोटं बोलले मी. तुमच्यात बसून जेवायचं होतं मला. इथं एकटीला घास उतरत नाही."

प्रकाशनं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. मग लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "हो हो, काकू. काही टेन्शन घेऊ नका. केळी खा आणि मस्त आराम करा."

त्यानं स्कूटर वळवली, तेवढ्यात फोन वाजला. चार पावलांवर थांबून तो हळूच बोलत होता, पण दुपारची गल्ली अगदी शांत होती.

"निघालो, माझं पान मांड. अगं, काकूंचं काही खरं नाही आता. उपास नव्हताच म्हणतायत. विसरायला लागल्यात बघ. पुढच्या वर्षी त्यांना आणायचा त्रास नको द्यायला. घरीच डबा पोचवू."

कमलिनीबाईंनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता काहीही सांगितलं, तरी ते म्हातारीचंच बोलणं ठरणार होतं.