एकशेवीस दिवस

लेकीला अठरा पूर्ण झाली आणि घरात धुसफुस सुरू झाली. तिला रक्त द्यायला जायचं होतं, आणि आईने साफ नाही म्हटलं. रक्त देऊन देऊनच तुझे बाबा गेले, हे तिचं ठरलेलं उत्तर. बाबा बस चालवायचे. वर्षातून तीनदा तरी रक्तपेढीत जाऊन यायचे. दोन महिन्यांपूर्वी मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तडकाफडकी गेले, आणि नेमकं आठच दिवस आधी त्यांनी रक्त दिलं होतं. आईच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ पक्की बसली. अशी गाठ आपल्यापैकी कितीजणांच्या घरात असते, सांगा बरं!

पण आईच्या रागाखाली वेगळंच काही होतं. शिलाई मशीनवर बसली की मध्येच तिचे पाय थांबत. कपाटातल्या त्यांच्या सदऱ्याचा वासही आता उडत चालला होता. तिला ते हवे होते, बाकी काही नको होतं. एका सकाळी तिच्या मनात आलं, ते रक्त तर कुठेतरी असेलच की! त्यांचं कार्ड घेऊन ती रक्तपेढीत गेली आणि ज्याला ते रक्त दिलं त्याला एकदा बघू द्या, म्हणून अडून बसली.

तिथल्या चष्मेवाल्या बाई बाबांना ओळखत होत्या. रुग्णाचं नाव सांगता येत नाही, असं म्हणत त्या तिला आत घेऊन गेल्या आणि यंत्रात गरगर फिरवून थर वेगळे केलेली, दुसऱ्याच कुणाच्या रक्ताची एक पिशवी दाखवली. खाली गडद लाल, वर पिवळसर पाणी.

"एकाला नाही, तिघांना उपयोगी पडतं," बाई म्हणाल्या. "लाल पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात. हे पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा, सगळं त्यातूनच वाहतं. मधल्या पातळ थरात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि प्लेटलेट. त्या तुमचंच काम करतात, फाटेल तिथे टाके घालतात."

"मग ते का गेले?"

"रक्त दिल्यामुळे नाही, ताई. दिलेलं काही आठवड्यांत भरून येतं. लाल पेशी तशाही एकशेवीस दिवसच जगतात. ठेवून घेतल्या असत्या तरी राहिल्या नसत्या."

तिने एवढा आकडाच ऐकला. दोनच महिने तर झाले होते.

"म्हणजे अजून आहेत ते? कुणाच्या तरी अंगात?"

"असतील. थोड्या पेशी, अजून थोडे दिवस."

घरी जाताना ती रस्त्यातल्या प्रत्येकाकडे बघत होती. जिना चढून दमलेली एक बाई कठड्याला टेकली, तेव्हा तिला वाटलं, हिच्यातही असतील. आणि ते दिवस संपल्यावर हिचं काय?

दुसऱ्या दिवशी मायलेकी दोघी रक्तपेढीत गेल्या. तपासण्या झाल्या, सुई टोचली, नळी लाल झाली. आईने बाईंना जवळ बोलावलं.

"आमचा दोघांचा गट एकच होता. ज्याला त्यांचं गेलं, त्यालाच माझं गेलं, तर?"

 एरवी सगळं समजावून सांगणाऱ्या बाईंनी नुसता तिचा हात धरला.

वाचकहो, रक्त जपून ठेवलं म्हणून आपलं माणूस राहत नाही. दिलं, तर कुणाचं तरी राहतं.