खिळ्यावरची लाल साय

सुमनताई कंपनीत कुणाच्या बापाला भीत नसत, पण चार शब्दांनी त्यांना पार जेरीला आणलं होतं: संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन. विज्ञानाच्या पुस्तकात ते एकाखाली एक छापलेले होते आणि सुमनताईंच्या डोक्यात त्यांचा काला झाला होता.

चाकणच्या एका प्लेटिंग कंपनीत बारा वर्षं त्या उभ्यानं लोखंडी माल टाक्यांत सोडत आल्या होत्या. यंदा तपासणीच्या टेबलावर, म्हणजे चक्क खुर्चीत बसायच्या कामावर, जागा निघाली. साहेब म्हणाले, दहावी पास व्हा, खुर्ची तुमची. गुडघे बोलायला लागलेल्या बाईला याहून मोठं आमिष कुठलं? त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला.

शिकवायला घरचीच मास्तरीण होती, अकरावीतली लेक ओवी.

"आई, सोपं आहे गं. दोघांचं लग्न लागलं की संयोग. काडीमोड झाला की अपघटन. दोन घरांत साटंलोटं झालं की दुहेरी विस्थापन."

"अन् नुसतं विस्थापन?"

"बसमध्ये तू खिडकीपाशी बसतेस आणि मोशीला शालनबाई चढून तुला उठवतात ना? ते."

शालनबाईंचं नाव निघालं आणि सुमनताईंचं टाळकं सरकलं. ती बया स्वतःला समजते कोण, इथून सुरुवात झाली आणि त्या दिवशीचं रसायनशास्त्र तिथंच आटोपलं.

प्रात्यक्षिक परीक्षा चिंचवडच्या एका शाळेत होती. सुमनताईंच्या पुढ्यात परीक्षानळीत मोरचुदाचं निळं पाणी आणि घासलेला लोखंडी खिळा आला. खिळा पाण्यात ठेवायचा, काय होतं ते बघायचं आणि अभिक्रियेचा प्रकार परीक्षकांना तोंडी सांगायचा.

खिळा आत गेला. थोड्याच वेळात त्याच्यावर लाल साय धरली. कंपनीत तांब्याचा मुलामा चढवायची अशीच निळी टाकी होती. आधी निकेलचा पातळ थर न चढवता लोखंड तिच्यात पडलं की हीच साय यायची, बोट लावलं की निघायची, अख्खा माल रिजेक्ट व्हायचा आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत झापायचा. डोक्याला काही उमगायच्या आत हातांनी आपलं काम केलं. खिळा बाहेर काढला, पदरानं खसाखसा पुसला आणि लख्ख करून टेबलावर ठेवला.

नेमके तेव्हाच परीक्षक आले.

"काय झालं याचं?"

"काहीच नाही सर. म्हंजे झालं होतं, पण मी पुसलं."

"पुसलं? का?"

"रिजेक्ट होत होतं म्हणून."

शेजारची पोरं फिदीफिदी हसली. सुमनताईंचं रडू फुटायच्या बेतात होतं. एवढ्याशा खिळ्यापायी खुर्ची गेली, आता जन्मभर उभंच राहायचं.

परीक्षकांनी मात्र पदराकडे बोट दाखवलं. "तो लाल डाग कसला?"

"तांबं."

"कुठून आलं?"

"निळ्या पाण्यातून."

"आणि त्याच्या जागी पाण्यात कोण गेलं?"

"लोखंड असंल."

"मग प्रकार कोणता?"

झालं! लग्न म्हणावं तर तांबं बाहेर पडलं. काडीमोड म्हणावा तर लोखंड आत जाऊन बसलं. साटंलोटं म्हणावं तर बदल्यात दुसरं कोण आलं? त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला. कुणी तरी आत आलं, कुणी तरी जागेवरून उठलं...

"शालनबाई!" त्या जवळजवळ ओरडल्याच.

"कोण?"

"लोखंड म्हंजे शालनबाई, सर. तांबं म्हंजे मी. विस्थापन!"

परीक्षकांनी गुणांच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?"

"नक्की म्हंजे काय सर? मोशीपासून चाकणपर्यंत रोज उभी जाते की मी."