डुलकीचे नवे ब्रेक

आमच्या आत्याच्या पिकअपचं नाव डुलकी. नाव मीच ठेवलंय. ब्रेक दाबला की ती शेवटच्या तासाला बसलेल्या पोरीसारखी नाक खाली घालायची, आणि वळणावर अशी कलायची की आत बसलेल्याच्या तोंडून आपोआप 'आई गं' निघायचं. वयाने ती माझ्यापेक्षा मोठी आहे, पण आमचं अगंतुगंच आहे.

डुलकीला काम एकच. जिथे फुलं असतील तिथे आत्याच्या मधमाश्यांच्या पेट्या पोचवायच्या. लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात, आमची आत्या काही हजार डंख पाळते आणि त्यांना 'माझी लेकरं' म्हणते.

गेल्या महिन्यात घराखालच्या लांब उतारावर डुलकीचे ब्रेक तापले. आत्याने पाय दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. नशीब, वळणावर वाळूचा ढीग होता. डुलकी त्यात नाक खुपसून थांबली, दोन पेट्या उघडल्या आणि आत्याला स्वतःच्याच लेकरांपासून पळावं लागलं. कुणाला खरचटलंही नाही. आत्या हा किस्सा इतका रंगवून सांगते की त्यात डुलकी उलटीसुद्धा होते आणि ऐकणारा पोट धरून हसतो. पण त्या दिवसापासून ती स्टिअरिंगला शिवली नव्हती. कधी गुडघा दुखायचा, कधी चष्मा सापडायचा नाही, कधी आभाळ भरून आलेलं असायचं, म्हणजे तिला एकटीला दिसेल असं.

आणि नेमकी आता उताराखाली सूर्यफुलं फुलली. वर आमच्याकडे फुलांचा पत्ता नाही. माश्यांना साखरेचं पाणी पाजून आत्या कंटाळली. खालच्या वस्तीतले मधवाले काका म्हणाले, "द्या मला पेट्या, कायमच्याच सांभाळतो." आत्या हो म्हणून बसली! रविवारी संध्याकाळी, माश्या आत परतल्या की ते येऊन घेऊन जाणार होते.

बाबाचं गॅरेज आमच्या घरापुढेच आहे. हे ऐकून तो काहीच बोलला नाही. बाबा गप्प बसला की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजतंय. शनिवारी तो भलीमोठी खोकी घेऊन आला. त्याच्या एका गिऱ्हाइकाने, शर्यतीत गाड्या पळवणाऱ्या माणसाने, डुलकीच्याच मॉडेलसाठी दणकट सामान मागवलं होतं आणि मग नवीच गाडी घेतली. मनगटाएवढे जाड शॉकअप, गाडीचं वजन पेलणारे कडक पाटे, ताटाएवढ्या डिस्क, आणि लालभडक कॅलिपर. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन थांबवणारा पंजा. मी तो लाल पंजा कुशीत घेऊन घरभर फिरले. आईने हाकललं तेव्हा खाली ठेवला.

"ताई," बाबा आत्याला म्हणाला, "मधवाला यायच्या आत डुलकी तयार करतो. मग उतारावरून एकदा तू चालव. नाही जमलं तर दे पेट्या, मी हूं की चूं करणार नाही."

"तूच चालव की."

"आणि तुझ्या लेकरांशी कोण बोलणार? मला बघितलं की ती आधी डसतात, मग ओळख विचारतात."

आत्या म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो, पण निदान ती रविवारी सकाळी येऊन पायरीवर बसली तरी.

मला यंदापासून गॅरेजमध्ये नुसता पाना पुढे करायची नाही, तर पाना चालवायची परवानगी आहे. परवानगी मिळाली म्हणण्यापेक्षा मी घेतली. तर, बाबाच्या कामाची एक पद्धत आहे. गाडीशेजारी एक जुनी, एकाच टोकाला निळा काठ असलेली चादर अंथरायची. काठ म्हणजे गाडीचं नाक. जे जिथे लावायचं ते चादरीवर त्याच जागी ठेवायचं. डाव्या चाकाचं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे, मागचं मागे. "चादर म्हणजे आडवी पडलेली गाडी," असं बाबा म्हणतो. मग चिठ्ठ्या नकोत, खुणा नकोत, डोकंसुद्धा नको. हात लांब करायचा आणि उचलायचं.

आधी मागची बाजू घेतली. जुन्या शॉकअपचा बोल्ट असा गंजला होता की जणू जन्मतःच तिथे उगवलाय. बाबाने जोर लावला. नाही. तेल सोडलं, वाट पाहिली. नाही. मग मी पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले आणि उडी मारली. कडाड्! मला वाटलं माझंच काहीतरी मोडलं. पण बोल्ट सुटला होता!

"अगं भिंगरे!" बाबा ओरडला. मला घरात भिंगरी म्हणतात. "असं कुणी करतं का?"

"सुटला ना?"

"सुटला."

"मग कुणीतरी करतं."

आई चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "तोंड धुतल्याशिवाय आरशात बघू नकोस, आरसा दचकेल," आणि गेली.

आम्ही मागे गाडीखाली पाटे बसवत होतो तोवर आत्याला काही स्वस्थ बसवेना. तिने अंगण झाडलं. पाने आकारमानाप्रमाणे लावले. ऊन चादरीवर आलं तेव्हा चादर सामानासकट ओढून भिंतीच्या सावलीत नेली. मग माझी वेणी घालायला लागली, तीही मी गाडीखाली असताना.

मागचं उरकून आम्ही पुढे आलो. डिस्क बसल्या, त्यांना घासणारे पॅड बसले, लाल पंजे बसले. बाबा शीळ घालत चादरीवरून एकेक उचलत होता. मी पुढचा उजवा शॉकअप एकटीने लावला. बाबाने बोल्ट तपासला, पाना हललासुद्धा नाही. मग त्याने पुढचा पाना न मागताच माझ्या हातात दिला. मी मनातल्या मनात कोलांटी मारली.

उरली ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. याला तीन माणसं लागतात. एक वरून ब्रेक ऑइल ओतणारं, एक कॅलिपरवरची बारीक निपल उघडून हवा बाहेर सोडणारं आणि एक पेडल दाबणारं.

"ताई, चढ वर."

"मी?"

"चालवायची नाही गं. नुसता पाय दे. डुलकी ठोकळ्यांवर उभी आहे, चाकंसुद्धा नाहीत तिला. पळणार कुठे?"

आत्या चढली. स्टिअरिंगला हात न लावता मांडीवर हात ठेवून बसली, फोटो काढायला बसल्यासारखी.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय रे."

"सोड!"

निपलला लावलेल्या नळीतून आधी चार बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल. दोन्हीकडे तसंच. बाबाने निपल आवळली. "आता दाबून बघ. दगडासारखं लागेल."

आत्याने दाबलं. पेडल लोण्यात बोट जावं तसं तळाला गेलं.

परत केलं. एकही बुडबुडा नाही, तेल लखलखीत, आणि पेडल तळाला. बाबाने सगळे जोड पुसून पाहिले, कुठे गळती नाही. बाबाची शीळ केव्हा थांबली ते कळलंच नाही.

आत्या हळूच खाली उतरली. "असंच होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी पायाखाली अगदी असंच होतं."

"ताई, काहीतरी बारीकसं राहिलंय. मी शोधतो."

"नको शोधू. तुझ्यावर राग नाही रे. पण माझा पाय आता या गाडीवर विश्वास ठेवणार नाही. मी मधवाल्यांना लवकरच बोलावते." आणि फोन घेऊन ती आत गेली. किस्सा रंगवून सांगणारी आमची आत्या एवढ्याशा आवाजात बोलली. मला ते मुळीच आवडलं नाही.

मला राग आला की भूक लागते. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळीवर मध घ्यायला बाटली उपडी केली. मध खाली येईना. बाटलीतला हवेचा गोळा तेवढा सावकाश, ऐटीत वर चढत गेला आणि बुडाशी जाऊन बसला. तोंड खाली, हवा वर. मी बाटलीकडे पाहिलं. बाटलीने माझ्याकडे पाहिलं. पोळी तिथेच टाकून मी धूम ठोकली.

"बाबा! निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला असते ना?"

"वरच असते. हवा वर जाते म्हणून."

"मग ही जमिनीकडे का बघतेय?"

बाबा वाकला. दुसऱ्या चाकाकडे गेला, तिथेही वाकला. मग तसाच जमिनीवर बसला.

"हा डावीकडचा आहे," तो म्हणाला. "उजवीकडे लावलाय. आणि तिकडचा इकडे. बोल्ट दोन्हीकडे बसतात, म्हणून कळलं नाही. हवा वर कोंडून राहिली आणि आपण खालून तेल काढत बसलो. पण असं होईलच कसं? चादरीवर तर..."

आम्ही दोघांनी चादरीकडे पाहिलं. निळा काठ डुलकीच्या शेपटीच्या बाजूला होता.

"आत्या!"

आत्या फोन कानाला लावून दारात आली. "काय?"

"चादर तू ओढलीस?"

"हो. रबर उन्हात वाळतं ना."

"ओढलीस की फिरवलीस?"

"सरळ मावेना भिंतीशी. म्हणून जरा फिरवली."

"ताई," बाबा कपाळाला हात लावून म्हणाला, "तू सबंध गाडी फिरवलीस." मागचं सामान तेव्हा उचलून झालं होतं, चादरीवर फक्त पुढचंच उरलं होतं, त्यामुळे पुढे-मागे ओळखायला काही शिल्लकच नव्हतं. बाकी सगळं दोन्ही बाजूंना सारखं, अडले ते फक्त लाल पंजे. "आणि मी शहाणा! चादर म्हणेल ती पूर्व दिशा! मान वर करून बघितलं असतं तर काय झिजलो असतो?"

"म्हणजे त्या दिवसासारखं नाही हे?" आत्याने विचारलं.

"त्या दिवशी ब्रेक थकले होते. आज ब्रेक ठणठणीत आहेत, आपण येडे आहोत."

फोनमधून मधवाले काका 'हॅलो, हॅलो' करत होते. आत्या म्हणाली, "अहो, ठेवते हं. माझ्या हातून गाडी उलटी झालीय."

"पुन्हा?" काका एवढ्या मोठ्याने किंचाळले की मलाही ऐकू आलं. आणि आत्या हसायला लागली. पायरीवर बसून, डोळे पुसत, अगदी किस्सा सांगताना हसते तशी.

पंजे बदलले. या वेळी निपल उघडली तर हवा अशी फसफसत सुटली की तेल बाबाच्या भुवईवर उडालं. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. शेवटी आत्या वरून म्हणाली, "अरे, जातच नाही पाय." तिने परत दाबलं. मग कुणी न सांगता अजून एकदा. "दगड आहे रे!"

चाकं लागली, डुलकी जमिनीवर आली. आता नव्या पॅडना घासून बसवायचं होतं. "नवी चप्पल असते तसं," बाबा म्हणाला. "सपाट रस्त्यावर जरा वेग घे, दाब, पूर्ण थांबू नकोस, सोड. चारदोनदा. मग उतार."

मी शेजारच्या सीटवर बसून पट्टासुद्धा लावला होता. आत्याने किल्ली हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"उतर."

"नाही."

"भिंगरे, उतर. मी एकटी जाते. माझं मी बघेन, पण तू बरोबर असताना..." तिचं वाक्य तिथेच अडलं. तेव्हा मला कळलं की गुडघा, चष्मा, आभाळ ही सगळी सोंगं होती. तिला स्वतःची भीती नव्हतीच, शेजारच्या सीटवर नेहमी मी असते त्याची होती.

"आत्या," मी म्हटलं, "पुढचा उजवा शॉकअप मी एकटीने लावलाय. तो नीट नाही असं मला वाटलं असतं तर मी इथे बसले असते का? मी काय वेडी आहे?"

"आहेस," आत्या म्हणाली, आणि किल्ली फिरवली.

सपाट रस्त्यावर पहिला ब्रेक तिने इतका अलगद लावला की डुलकीला गुदगुल्या झाल्या असतील. दुसरा जरा जोरात. तिसऱ्याला मी सवयीने डॅशबोर्डला हात टेकले, आणि काहीच झालं नाही. नाक खाली गेलं नाही. डुलकी ताठ मानेने, प्रार्थनेला उभी असल्यासारखी मंदावली. आत्याच्या तोंडून "अगंबाई" निघालं.

मग उतार. बाबा मोटरसायकलवर मागे. आत्याने ओठ घट्ट मिटले होते. वळण आलं, वाळूचा ढीग आला, तिने ब्रेक दाबला आणि डुलकी ढिगाच्या बरीच अलीकडे जागच्या जागी थांबली. मग वाळूकडे बघून तिने चक्क जीभ काढली.

समोरून मधवाले काका त्यांचा टेम्पो घेऊन चढत आले. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "अहो, उलटी झाली होती ना गाडी?"

"सुलटी केली. बरं झालं आलात, पेट्या उचलायला हात लागतीलच."

"तेच तर. माझ्या टेम्पोत..."

"माझ्या डुलकीत," आत्या म्हणाली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या स्टिअरिंगकडे, आणि खांदे उडवले. बिचारे सरळ माणूस, खरंच आले आणि सगळ्या पेट्या चढवून गेले. निघताना बाबाला एक माशी चावली, ओळख न विचारता.

अंधारायच्या आत आम्ही पेट्या घेऊन परत त्याच उताराला लागलो. वळणाआधी आत्याने ब्रेक दाबला.

"मागे काय म्हणतायत गं? चिडल्या?"

मी मागच्या काचेला कान लावला. एकसुरी, संथ गुणगुण चालली होती.

"नाही. गप्पा मारतायत."

"मारू देत," आत्या म्हणाली आणि ब्रेकवरचा पाय उचलला.