रेषेवरची खुर्ची

आमच्या पनवेलात कुठलीही गोष्ट सत्काराशिवाय सुरू होत नाही आणि सत्काराशिवाय संपत नाही. गटारावर झाकण बसवलं तरी शाल आणि नारळ. त्यामुळे आमच्या भागातले पुढारी भाऊ, त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या मित्रमंडळानं अर्धमॅरेथॉन ठेवली, तेव्हा सत्कार होणार हे मी धरूनच चालले होते. कुणाचा होणार, तेवढं माहीत नव्हतं.

मी कीर्ती. दोन मुलं, घरी शिवणकाम, आणि रक्तातली साखर अगदी काठावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या चाला, म्हणून चालायला लागले. एका सकाळी वडाळे तलावाच्या कडेनं उगीच थोडी धावले आणि इतकी दमले, इतकी खूश झाले की दुसऱ्या दिवशी पुन्हा धावले. घरात मात्र आगडोंब. माझ्या सासूबाई, रंभाबाई, म्हणाल्या, "आमच्या घरच्या सुना रस्त्यानं धावत नाय. कुत्रा लागलाय काय मागं?" आणि माझा नवरा प्रणित, रेती-खडीचा धंदा करणारा, भाऊंच्या मंडळाचा सरचिटणीस, त्यानं तर कहर केला. मी अर्धमॅरेथॉनमध्ये नाव दिल्याचं कळल्यावर म्हणाला, "धाव. पण माझी बायको हाय म्हणून कुनाला सांगू नको."

नाही सांगितलं. बूट माझ्या शिलाईतून घेतले, सराव सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर केला. मला पहिली-दुसरी यायचं नव्हतंच. लग्न झाल्यापासून जे जे सुरू केलं ते कुणाच्या तरी दुखण्यासाठी, कुणाच्या तरी हळदीसाठी अर्धवट सोडलं. ही एक गोष्ट मला शेवटपर्यंत न्यायची होती. एवढंच हवं होतं मला, आणि ते काही फार नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत मैदानावर हजर. पण झेंडा दाखवायचा भाऊंनी आणि भाऊ अजून झोपेत. आम्ही उड्या मारतोय, हातपाय झटकतोय, आणि ऊन हळूहळू डोक्यावर चढतंय. शेवटी भाऊ आले. फोटोवाल्यासाठी त्यांनी झेंडा तीनदा हलवला. पहिल्यांदा हलवल्यावर जे पळाले त्यांना परत बोलावलं! संताप नुसता.

रस्ता पळस्पे फाट्यावरून शिरढोणच्या पुढं आणि तसाच परत. जाताना मी मजेत होते. माझ्याबरोबर विनायककाका होते, एसटीतून निवृत्त झालेले, माझ्यासारखेच नवशिके. येताना मात्र पायात गोळे आले, शेजारून ट्रक धूळ उडवत चाललेले, आणि पाण्याच्या टेबलावर फक्त चुरगळलेले पेले. एक माणूस नाही. पंक्चरवाल्यानं स्वतःची बाटली पुढं केली आणि म्हणाला, "ताई, ते पाणीवाले सगळे टेम्पोत बसून गेले. सत्कार हाय ना तिकडं."

काकांच्या पोटरीत पेटका आला. ते कठड्यावर बसले आणि म्हणाले, "तू हो पुढं. मी येतोच, सोडणार नाय." मी निघाले. थोडं धावत, थोडं चालत, मनातल्या मनात सगळ्या मंडळाचा उद्धार करत. रागाचं एक बरं असतं, तो पाय उचलायला मदत करतो.

मैदान जवळ आलं तसे भोंगे ऐकू यायला लागले. सूत्रसंचालक मिथुन नेहमीप्रमाणे माईक गिळत होता. "आज या शर्यतीत ज्यांच्या सौभाग्यवती धावत आहेत, ज्यांच्या खंबीर पाठिंब्यामुळेच हे शक्य झालं, ते आपले लाडके प्रणितशेठ! त्यांचा सत्कार भाऊंच्या शुभहस्ते!"

माझे पाय जागीच थांबले. पाठिंबा? कुणाचा? मग असे काही सुटले ते पाय की मलाच नवल वाटलं.

शर्यतीच्या कमानीखाली पोचले तर पुढं वाटच नाही. शर्यतीची वेळ अजून बाकी होती, आम्ही कितीतरी जण अजून रस्त्यावर होतो, आणि यांनी रस्त्यावर सतरंजी अंथरून पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चुन्याच्या फक्कीनं आखलेली शेवटची रेषा सतरंजीखाली गेली होती, आणि तिच्यावर बरोब्बर भाऊंची खुर्ची. एक कार्यकर्ता धावत आला. "वयनी, बाजूनं जा ना. सत्कार चाललाय."

"बाजूनं गेलं तर शर्यत पुरी व्हत नाय," मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "भाऊ, उठा. खुर्ची रेषेवर हाय."

भाऊ राजकारणी माणूस, हसत उठले. मी त्यांची खुर्ची उचलून बाजूला ठेवली, सतरंजी पायानं सरकवली आणि रेषा ओलांडली. झालं. माझे डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांनी मी समोर पाहिलं.

ओळीनं उभ्या असलेल्या सगळ्या मंडळाच्या गळ्यात पदकं होती. धावून आलेल्यांना द्यायची पदकं! फोटोसाठी घातली होती म्हणे. पदकं घातल्यावर डोक्याला घट्ट भगवे फेटे बांधलेले, पदकाची फीत वरून निघणार नाही एवढे मोठे. प्रणितही त्यात, खांद्यावर शाल, हातात नारळ. तो पुढं झाला आणि सगळ्यांना दिसेल असा नारळ माझ्या हातात द्यायला लागला.

"नारळ नको," मी म्हटलं. "पदक द्या."

तो हसला, इकडंतिकडं पाहिलं, मग पुटपुटला, "अगं, फेट्यातून निघत नाय. घरी देतो."

"मग फेटा काढा."

पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "परणित, काढू नको! मानाचा फेटा हाय तो!"

मी हात पुढं केलेला तसाच ठेवला. मिथुनच्या हातात माईक नुसता खरखरत होता. प्रणितनं भाऊंकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग त्यानं फेटा उतरवला. घामानं केस चपटे झाले होते. पदक माझ्या हातात टाकून तो दात खात म्हणाला, "चार मानसांत माझी इज्जत घालवलीस."

"ती चार मानसं इकडं होती," मी म्हटलं. "एकवीस किलोमीटर मी होते. तिकडं तुमी नव्हतात."

मी पदक गळ्यात घातलं आणि बाकीच्या फेटेवाल्यांकडं वळले. "तुमची पण काढून ठेवा. विनायककाका येतायत मागून."

एकेक हात फेट्याकडं गेला.